टंचाई शिक्षकांची की नेमणुकांची?

विहीर आटली की टँकर मागवावा लागतो, हे महाराष्ट्रातल्या खेडुताला कोणी शिकवायला नको. परंतु विहिरीला पाणी असताना रहाट काढून ठेवायचा आणि मग पाणीटंचाई जाहीर करून टँकरची निविदा काढायची, असा कारभार एखाद्या ग्रामपंचायतीने केला तर गावकरी तिला जाब विचारल्याशिवाय राहणार नाहीत. राज्यातील शिक्षकभरतीच्या बाबतीत गेली अनेक वर्षे नेमके हेच चालू आहे आणि जाब मात्र कोणी विचारीत नाही. शाळांत शिक्षक नाहीत, हे खरे आहे. शिक्षक होण्यास पात्र असलेली माणसे घरी बसून आहेत, हेही तितकेच खरे आहे. या दोन सत्यांच्या मध्ये जी दरी आहे तिला शासनाच्या भाषेत ‘शिक्षकांची टंचाई’ म्हणतात. वस्तुतः ती नेमणुकांची टंचाई आहे.

मी १९८४ साली जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रुजू झालो आणि सदतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. या काळात ‘शिक्षकांची कमतरता दूर करण्यासाठी’ आलेल्या योजना मी एकामागून एक पाहिल्या. त्यांतील एकीचा तर लाभार्थीही झालो. म्हणून जे लिहितो आहे ते परक्याच्या घरात डोकावून नव्हे, स्वतःच्याच ओसरीवर बसून लिहितो आहे, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

३१ मेचे कोडे

प्रथम एक साधी गोष्ट. शिक्षकाची जागा अचानक रिकामी होत नाही. अपघात, आजार, राजीनामा यांमुळे रिकाम्या होणाऱ्या जागा थोड्या; बहुसंख्य जागा निवृत्तीमुळे रिकाम्या होतात. आणि निवृत्तीचा दिवस शिक्षक ज्या दिवशी नोकरीला लागतो त्याच दिवशी ठरलेला असतो. सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानावर जन्मतारीख असते. तीत अठ्ठावन्न मिळवले की उत्तर येते. चौथीच्या मुलाला येणारी ही बेरीज आहे.

महाराष्ट्रात तर हे गणित आणखी सोपे झालेले आहे. आमच्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे. आईबापांना तारीख सांगता येत नसे; ‘पेरणीच्या वेळी झाला’, ‘मोठ्या पुराच्या साली झाली’ एवढेच ते सांगत. मग गुरुजी अंदाजाने साल धरीत आणि शाळाप्रवेशाच्या सोयीने १ जून ही तारीख लावून टाकीत. माझीही जन्मतारीख अशीच एका गुरुजींनी लावलेली १ जूनच आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे दर वर्षी ३१ मे रोजी गुरुजींची मोठी तुकडी एकदम घरी जाते आणि पंधरवड्यात शाळा उघडतात.

असे असताना दर वर्षी जूनमध्ये शिक्षण विभागाला अमुक इतक्या जागा रिक्त असल्याचा साक्षात्कार होतो! पाऊस लांबला तर हवामान खात्याला दोष देता येतो. येथे दोष कोणाला द्यायचा? ज्या जागेची रिकामी होण्याची तारीख सरकारच्या दप्तरात तीसपस्तीस वर्षे नोंदलेली आहे, ती जागा रिकामी झाल्यावर धावपळ करणे याला नियोजनाचा अभाव म्हणणेही सौम्य ठरेल. ‘जागा रिकामी ठेवणे’ हेच मुळी धोरण असावे, अशी शंका त्यातून बळावते.

मानधनाची परंपरा

ही शंका निराधार नाही, हे मागील पाव शतकाचा इतिहास पाहिला म्हणजे कळून येते. १९८७ साली केंद्र सरकारने खडू-फळा मोहीम सुरू केली, तेव्हा एकशिक्षकी शाळेत दुसरा शिक्षक द्यायचा आणि दोघांपैकी एक शक्यतो शिक्षिका असावी, असे तिचे एक प्रमुख कलम होते. ती मोहीम परिपूर्ण नव्हती. पण एका गुरुजीने चार वर्ग सांभाळणे हे शिक्षण नव्हे, एवढे तरी तिने मान्य केले होते. त्यानंतर आपण पुढे जायला हवे होते. प्रत्यक्षात २००० साली ‘शिक्षण सेवक’ आला. पदविकाधारक, प्रशिक्षित, निवड होऊन आलेला उमेदवार. पण पहिली तीन वर्षे त्याला पगार नाही, मानधन. प्राथमिक शाळेतील सेवकाचे हे मानधन दरमहा तीन हजार रुपये होते. त्याच सुमारास वाड्यावस्त्यांवर वस्तीशाळा निघाल्या आणि तेथील तरुणांना ‘निमशिक्षक’ असे नाव मिळाले. शिक्षक अर्धा असू शकतो, हा शोध जगाच्या शिक्षणशास्त्राला महाराष्ट्राने दिला. या निमशिक्षकांनी पुढे वर्षानुवर्षे मोर्चे काढले, तेव्हा कोठे त्यांना सेवेत सामावून घेण्यात आले.

सेवकाचे मानधन पुढे सहा हजार झाले आणि तेथे ते दहा वर्षांहून अधिक काळ थबकले. एवढ्या रकमेत अकुशल मजूरही मिळत नाही, अशा अर्थाने न्यायालयाने कान टोचल्यावर २०२३ च्या जानेवारीपासून ते प्राथमिकसाठी सोळा हजार करण्यात आले. म्हणजे एकविसाव्या शतकाची तेवीस वर्षे उलटल्यावरही नवा शिक्षक तीन वर्षे ‘सेवक’च आहे.

येथे एक जुना दाखला आठवतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो शेतकरी समाजातून यावेत, त्यांना बारा रुपयांहून कमी पगार नसावा आणि मोठ्या गावी तो पंधरा ते वीस असावा, असेही त्यांनी बजावले. शाळेची मागणी करताना शिक्षकाच्या पगाराची मागणी सोडता येत नाही, हे जोतीरावांना परकीय सरकारपुढे सांगावे लागले. स्वकीय सरकारला ते पुन्हा सांगावे लागते, ही खेदाची गोष्ट होय.

बंद दरवाजा

२०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. कागदावर विद्यार्थी दाखवून तुकड्या आणि अनुदान लाटणाऱ्या शाळा त्यात उघड्या पडल्या. ही पडताळणी आवश्यक होती आणि ती करणाऱ्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु तिच्यातून जो उपाय निघाला तो रोग्यापेक्षा निरोग्यालाच अधिक भोवला. २ मे २०१२ च्या शासननिर्णयाने, अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत नव्या नेमणुकांना अटकाव झाला. पट फुगवला संस्थाचालकांनी. दरवाजा बंद झाला तो प्रामाणिकपणे पदविका घेऊन बाहेर पडलेल्या तरुणांसाठी. त्याआधीच्या दहा वर्षांत अध्यापक विद्यालयांना गल्लोगल्ली मान्यता देणारे शासनच होते, हे विसरून चालणार नाही. शेतजमिनीचा तुकडा विकून, दागिने गहाण ठेवून मुलामुलींनी डी.एड. केले आणि प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत भरती थांबली होती.

मग २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली. तीही पुरेशी नाही म्हणून २०१७ च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी आली आणि ‘पवित्र’ नावाची संगणकीय प्रणाली आली. वशिला आणि देणगी यांना आळा घालणारी पद्धत म्हणून मी तिचे स्वागतच केले होते, आजही करतो. पण त्या चाचणीतून निवडलेल्यांची पहिली यादी लागायला २०१९ चा ऑगस्ट उजाडला. दुसरी चाचणी झाली ती थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले. जाहिरात निघाली २१,६७८ पदांची, आणि तीही पुढच्या वर्षी. तिसरी चाचणी २०२५ च्या मे-जूनमध्ये झाली. दरम्यान पात्रता परीक्षेतच गैरव्यवहार होऊन सात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरवावे लागले. आणि २०२५ साली नागपूर विभागात बनावट ‘शालार्थ’ ओळखक्रमांकांवर पगार उचलला जात असल्याचे प्रकरण बाहेर आले. म्हणजे पुढच्या दाराला तीन कुलपे आणि मागचे दार सताड उघडे! ज्याने तीनही कुलपांच्या किल्ल्या मिळवल्या तो अंगणातच ताटकळत उभा आहे.

एका निवृत्ताच्या जागी दुसरा निवृत्त

२०२३ च्या जुलैमध्ये सरकारने आणखी एक तोडगा काढला. नियमित भरती होईपर्यंत सत्तर वर्षांच्या आतील निवृत्त शिक्षकांना दरमहा वीस हजार रुपयांवर नेमावे, असे ठरले. गटशिक्षण कार्यालयातून मला निरोप आला. घरी बसून कंटाळलो होतो. शाळेची ओढ होती. मी ‘हो’ म्हणालो. त्या ‘हो’बद्दल आज मला जे वाटते ते सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला आहे.

मला जी शाळा मिळाली ती सह्याद्रीच्या उतारावरील एका वाडीची. पहिली ते चौथी, पट सतरा, शिक्षक एक. दुसऱ्या शिक्षकाची जागा ३१ मे २०२१ रोजी, म्हणजे मी निवृत्त झालो त्याच दिवशी, दुसरे एक गुरुजी निवृत्त झाल्याने रिकामी झाली होती. दोन वर्षे ती रिकामीच राहिली आणि मग एका निवृत्ताच्या जागी दुसऱ्या निवृत्ताची वर्णी लागली. तेथे असलेले एकटे शिक्षक मेहनती होते. पण सकाळी परिपाठ झाला की पोषण आहाराच्या तांदळाचे माप, मग किती मुले जेवली त्याची मोबाइलवर नोंद, त्या नोंदीसाठी रेंज मिळावी म्हणून टेकाडावरची चढण, आठवड्यातून एखादी केंद्रावरची बैठक, मतदारयादीचे काम, विद्यार्थ्यांच्या आधारकार्डातील नावाच्या चुका दुरुस्त करण्यासाठी तालुक्याला हेलपाटे! आधारशी जुळल्याशिवाय तो विद्यार्थी संचमान्यतेत धरला जात नाही. म्हणजे मूल डोळ्यांपुढे पाटी घेऊन बसलेले असले तरी एका अक्षराच्या फरकामुळे ते सरकारच्या लेखी अस्तित्वात नसते आणि मग शिक्षकाचे पद धोक्यात येते. आपले पद टिकवण्यासाठी शिकवणे बाजूला ठेवून कागद जमवीत फिरावे लागते, ही आजच्या शिक्षकाची शोकांतिका आहे.

चौथीत पाच मुले होती. ती पहिलीत असावयाची त्या वर्षी, म्हणजे २०२०-२१ मध्ये, करोनामुळे शाळा बंद होती. पुढे दुसरी-तिसरीत चार वर्गांना मिळून एक शिक्षक. सलग तासभर केवळ आपल्यालाच कोणी शिकवले आहे, असा अनुभव त्या पाचही मुलांना शाळेत आल्यापासून मिळालेला नव्हता. त्यांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती. शेजारच्या घरातून दशक उसना घ्यायचा, हे मी समजावून सांगितले तेव्हा एकाने विचारले, ‘गुरुजी, शेजारीही शून्यच असला तर?’ मला हसू आले आणि लगेच मावळले. आमच्या केंद्रात दुसरे काय चालले होते? एका शाळेत शिक्षक नाही म्हणून शेजारच्या शाळेतला ‘कामगिरी’वर पाठवायचा आणि मग त्या शाळेत शिक्षक नाही म्हणून तिसरीकडचा आणायचा. शेजारीही शून्यच होता.

ती मुले डिसेंबरपर्यंत वजाबाकी शिकली, भागाकारही शिकली. दोन शिक्षक असले की हे होते. त्यात चमत्कार काही नाही.

वाडीपर्यंत एसटी जात नाही. मला फाट्यावरून मोटारसायकलवर आणून सोडणारा त्याच गावचा एक तरुण होता. त्याने २०१० साली डी.एड. केलेले, पात्रता परीक्षा उत्तीर्ण, दोन्ही अभियोग्यता चाचण्या दिलेल्या. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर हंगामी कामाला जाई, एरवी मिळेल ते करी. वय चाळिशीकडे झुकलेले. त्याने मला कधी टोचून काही म्हटले नाही. उलट ‘गुरुजी, तुम्ही आलात म्हणून पोरांचे बरे झाले’ असेच म्हणे. मला निवृत्तिवेतन मिळत होते आणि वर वीस हजार मानधन. ज्या खुर्चीवर मी बसत होतो ती त्याची होती आणि तोच मला रोज तिच्यापर्यंत पोचवीत होता. मी त्या वर्षी मुलांना शिकवले याचा मला खेद नाही. परंतु तुटवडा नसताना तो भासवण्याच्या खेळात मी एक सोंगटी झालो, ही खंत आहे.

२०२४ च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नव्या भरतीतील एक शिक्षिका मराठवाड्यातून त्या शाळेवर रुजू झाल्या. मला मोकळे केले गेले. त्यांचे मानधन सोळा हजार. म्हणजे निवृत्तिवेतनावर असलेल्या म्हाताऱ्याला वीस हजार आणि घरभाडे, संसार, चारशे किलोमीटरवरचे माहेर सांभाळणाऱ्या नियमित शिक्षिकेला सोळा हजार! ज्या हिशेबात हे बसते तो हिशेब मी सदतीस वर्षे गणित शिकवूनही मला उमगलेला नाही.

त्यानंतर त्याच साली ५ सप्टेंबर रोजी, शिक्षकदिनाचाच मुहूर्त साधून, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एका जागी पंधरा हजार रुपयांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा शासननिर्णय निघाला. विरोध झाल्यावर वीसचे दहा झाले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो निर्णय मागे घ्यावा लागला. मागे घेतला हे चांगलेच झाले. पण त्याच वर्षी आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांतील रिक्त पदे बाह्यस्रोतातून भरण्याचे ठरवले आणि वर्षानुवर्षे तेथे रोजंदारीवर, तासिकांवर राबणाऱ्यांना नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडावे लागले. एका खात्याने मागच्या दाराने घालवलेले दुसऱ्या खात्याने खिडकीतून आत घेतले, एवढाच याचा अर्थ.

सरकारची बाजू

न्यायाच्या दृष्टीने सरकारची बाजूही मांडली पाहिजे. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याची आकडेवारी २०२३ साली पुढे आली होती. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले आणि सहा मुलांमागे एक शिक्षक. तिजोरी सांभाळणाऱ्याच्या डोळ्यांत हे प्रमाण खुपणार, यात नवल नाही. शिक्षणावरील खर्चाचा फार मोठा वाटा वेतनावरच जातो, ही तक्रारही खोटी नाही. आठ मुलांच्या शाळेत खेळायला गडी पुरत नाहीत, मुलांना बरोबरीचे सोबती मिळत नाहीत, ही अडचण मी स्वतः पाहिली आहे. पानशेतला मुले एकत्र आणून, त्यांच्या वाहतुकीची सोय करून समूह शाळेचा जो प्रयोग झाला त्याकडे आंधळ्या विरोधाने पाहू नये.

पण सरासरी ही मोठी फसवी गोष्ट असते. ‘सहा मुलांमागे एक शिक्षक’ हे वाक्य ऐकायला चैनीचे वाटते. प्रत्यक्षात ती बारा मुले चार इयत्तांत वाटलेली असतात आणि चार अभ्यासक्रम शिकवावे लागतात. शिवाय सरासरीच्या पलीकडे दुसरे चित्र आहे. केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या शालेय माहितीनुसार महाराष्ट्रात एकशिक्षकी शाळांची संख्या आठ हजारांच्या वर आहे. शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक सांगितले आहेत. सहावी ते आठवीला विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहता कामा नयेत, असेही त्याच कायद्यात आहे. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून अन्य कामाला शिक्षकाला जुंपू नये, हेही आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हा लहान गावांतील सहावी ते आठवीची पदेच उडतील म्हणून शिक्षकसंघटनांनी आवाज उठवला. कायदा जे देतो ते निकषाने काढून घेता येत असेल तर कायदा कशासाठी केला?

आणि शाळा बंद करण्याचे दुष्परिणाम हिशेबाच्या वहीत दिसत नाहीत. मुलगा ओढा ओलांडून पलीकडच्या गावी जाईल. मुलीला आई पाठवणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारा जिल्ह्यातील डोंगरी गावांत व्हॉलंटरी शाळा उघडल्या तेव्हा त्यांनी पटाची सरासरी काढली नव्हती. मूल जेथे आहे तेथे शाळा गेली पाहिजे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

घरचा आहेर

आता आमच्याच बांधवांना चार शब्द. शिक्षकांच्या टंचाईचा एक भाग आपणही निर्माण केला आहे. दुर्गम शाळेवर नेमणूक झाली की पहिल्या दिवसापासून बदलीची खटपट सुरू होते. नोकरी वाडीवर आणि बिऱ्हाड तालुक्याला, अशी वहिवाट पडली आहे. संगणकीय बदल्यांमुळे वशिल्याला काहीसा पायबंद बसला. पण सोयीच्या शाळेत भरपूर शिक्षक आणि गैरसोयीच्या शाळेत एकही नाही, हा असमतोल पुरता गेलेला नाही. जिल्हा परिषदेच्या पगारावर घर चालवून आपली मुले इंग्रजी शाळेत घालणाऱ्यांनी पट घटल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, सेवेतल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा आवश्यक ठरवली. वीस वर्षे शिकवलेल्याला आता परीक्षेला बसवणे कठोर आहे, असे मलाही वाटते. परंतु परीक्षेच्या नावाने घाबरणाऱ्या शिक्षकाला मुलांची परीक्षा घेताना थोडे संकोचल्यासारखे झाले तर तेही वाईट नाही.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत, गैरसोयीचे आहेत. पहिला म्हणजे भरतीचे वार्षिक वेळापत्रक. पुढील वर्षी ३१ मे रोजी आणि त्यानंतरच्या बारा महिन्यांत किती शिक्षक निवृत्त होणार, याची यादी जिल्हा परिषदेने आदल्या जूनमध्येच प्रसिद्ध करावी. अभियोग्यता चाचणी दर वर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावी आणि नेमणुकीचे आदेश एप्रिलअखेर हातात पडावेत. जुने गुरुजी ज्या आठवड्यात निरोप घेतात त्याच आठवड्यात नव्या शिक्षकाला हजेरीपट स्वाधीन व्हावा. रेल्वेच्या गार्डाची पाळी संपण्याआधी दुसरा गार्ड फलाटावर उभा असतो. शाळेच्या बाबतीत हे अशक्य का असावे?

दुसरा उपाय म्हणजे शिक्षण सेवक ही संस्थाच बंद करणे. परिवीक्षेचा काळ अवश्य ठेवावा. दोन काय, तीन वर्षांचा ठेवावा. काम असमाधानकारक असेल तर घरी पाठवावे. पण परिवीक्षा म्हणजे उपासमार नव्हे. पूर्ण पगार देऊन कामाची पूर्ण झडती घेणे, हाच सरळ व्यवहार होय.

तिसरा, दर केंद्रशाळेवर एक लेखनिक द्यावा आणि माहिती भरणे, आधारच्या दुरुस्त्या, आहाराचा हिशेब ही कामे त्याच्याकडे सोपवावीत. दहा-पंधरा शाळांमागे एक लेखनिक नेमल्याने शिक्षकांचे जे तास वाचतील तेवढे नवे शिक्षक नेमायला कितीतरी अधिक पैसा लागेल. शासनाला काटकसर करायचीच असेल तर ती अशी करावी.

चौथा, दुर्गम शाळेवर राहणाऱ्या शिक्षकाला घर आणि भरीव भत्ता द्यावा. मुख्यालयी राहण्याची सक्ती करायची आणि वाडीवर भाड्याने खोली नाही, याकडे डोळेझाक करायची, यातून खोट्या दाखल्यांखेरीज काही निपजत नाही.

पाचवा, लहान शाळांबाबत एकच मोजपट्टी लावू नये. जेथे खरोखर तीन-चारच मुले उरली आहेत आणि रस्ता बारमाही आहे, तेथे ग्रामसभेच्या संमतीने, वाहनाची लेखी हमी देऊन मुले मोठ्या शाळेत न्यावीत. जेथे पावसाळ्यात ओढा अडवतो तेथे शाळा राहिलीच पाहिजे आणि तिला दोन शिक्षक असलेच पाहिजेत. हा निर्णय मंत्रालयातील तक्त्यावर नव्हे, तो ओढा पाहून व्हावा.

निवृत्त शिक्षकांची गरजच नाही, असे मी म्हणत नाही. आम्ही आठवड्यातून दोन दिवस येऊ, मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवू, नव्या शिक्षकाला बहुवर्ग अध्यापनाच्या खुब्या सांगू आणि त्यासाठी चहापलीकडे काही मागणार नाही. मात्र कोणाच्या भाकरीवर आम्हाला बसवू नये.

गेल्या दिवाळीनंतर मी त्या वाडीवर गेलो होतो. त्या शिक्षिका अजून तेथेच आहेत. वाडीतच एका घराच्या माडीवर राहतात. त्यांनी नदीकाठचे गोटे रंगवून मुलांकडून दशक-एकक मांडून घेतले होते. मला फाट्यावर सोडायला तोच तरुण आला होता. तिसऱ्या चाचणीतही तो बसला होता. ‘या वेळी जाहिरात कधी निघेल, गुरुजी?’ त्याने विचारले. मी त्याला तारीख सांगू शकलो नाही. येत्या ३१ मे रोजी राज्यात किती खुर्च्या रिकाम्या होणार, हे सरकारला आजच ठाऊक आहे. त्या कधी भरणार, एवढेच त्याने विचारले होते. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी द्यायचे त्यांनी ते जून उजाडण्याआधी द्यावे.